परूशी आणि जकातदार (दृष्टान्त)

स्वतःच्या नीतिमत्तेचा ताठा आणि देवाची क्षमा यांविषयी येशू ख्रिस्ताने सांगितलेला दृष्टान्त. तो फक्त लूककृत शुभवर्तमानात (१८ : ९–१४) आढळतो.

परूशी आणि जकातदार असे दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी हा नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या, लोकांत मान असलेल्या यहुदी पंथाचा. मोशेच्या नियमशास्त्रात सक्तीचा उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. हा परूशी आठवड्यातून दोनदा करतो, शिवाय सगळ्या मिळकतीचा दशमांश देतो. तो खोटे बोलत नाही, हे विसरता कामा नये. आभारही देवाचेच मानतो. मागत मात्र काहीच नाही. त्याच्या प्रार्थनेत हिशेब आहे आणि मागे उभ्या असलेल्या माणसाशी तुलना आहे.

जकातदार हे रोमन सत्तेच्या छायेत वसुली करणारे, ठरल्याहून जास्त उकळण्याबद्दल बदनाम. हा लांब उभा राहतो, मान वर करत नाही, ऊर बडवून दया मागतो. त्याच्या तोंडचे ग्रीक क्रियापद नुसत्या दयेचे नसून पापाच्या प्रायश्चित्ताशी जोडलेले आहे. नव्या करारात ते आणखी एकदाच, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येते. नीतिमान ठरून घरी जातो तो हाच. त्याने धंदा सोडला की नाही, लुबाडलेले परत केले की नाही, याबद्दल कथा गप्प आहे. पुढच्याच अध्यायात यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय चौपट फेडण्याचे कबूल करतो. हा शेजार लूकने जाणूनबुजून साधला असावा.

श्रद्धेनेच मनुष्य नीतिमान ठरतो, या प्रॉटेस्टंट सिद्धान्ताच्या विवेचनात हा दृष्टान्त वारंवार येतो. कॅथलिक मिस्सेत पापांची कबुली देताना छातीवर हात मारतात, वसईच्या चर्चमध्येही. ती खूण जकातदाराच्या कृतीची आठवण देते.

परूशाच्या आठवड्यातल्या दोन उपासांची गोष्ट अधिक मजेची. ‘दिदाखे’ या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथाने ढोंग्यांसारखे सोमवार-गुरुवारी न करता बुधवार-शुक्रवारी उपास करा, असे सांगितले. म्हणजे वार बदलले, संख्या दोनच राहिली. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पास्खाच्या (ईस्टरच्या) दहा आठवडे आधीचा रविवार या दृष्टान्ताचा असतो, आणि त्यानंतरच्या आठवड्यात हे दोन्ही उपास मुद्दाम सोडले जातात.