चौथी चौकट

नाझींच्या ऑशविट्झ-बिर्केनाऊ छळछावणीच्या दरवाजाचा तो फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. बर्फाळ मैदान, दूरवर एकत्र येत जाणारे रूळ आणि टोकाशी कमान व मनोरा असलेली विटांची लांबट इमारत. पाहणाऱ्याला वाटतं, आपली गाडी आत निघाली आहे. पण पोलिश छायाचित्रकार स्तानिस्लाव मुखा यांनी हा फोटो १९४५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, छावणी मुक्त झाल्यावर, आतून घेतला. दरवाजाकडे तोंड करून ते उभे होते. रुळांच्या कडेला भांडीकुंडी विखुरलेली दिसतात. ती घेऊन आलेली बहुतेक माणसं त्या कमानीखालून परत गेली नाहीत. फोटो कुठे उभं राहून काढला हे कळल्यापासून मला तो नुसता ‘प्रसिद्ध फोटो’ म्हणून पाहता आलेला नाही.

रिकाम्या छळछावणीत जायचं आणि जे उरलंय त्याचा स्मरणासाठी फोटो काढायचा, या रिवाजाचं कूळ शोधताना मुखांच्याही मागे जावं लागतं. छावणी धगधगत होती त्या काळापर्यंत.

१९४४चा ऑगस्ट महिना. त्या उन्हाळ्यात इतकी माणसं मारली जात होती की भट्ट्या पुऱ्या पडेनात. प्रेतं उघड्यावर, खड्ड्यांत जाळली जात. हे काम ज्यांच्याकडून जबरदस्तीनं करवून घेतलं जाई, त्या ज्यू कैद्यांच्या तुकडीला ‘झोंडरकमांडो’ म्हणत. त्यांनी लपवून एक कॅमेरा मिळवला. काही जणांनी पहारा ठेवला आणि एकानं चार फोटो घेतले. वाचलेल्या सोबत्यानं त्याचं नाव एवढंच सांगितलं: अ‍ॅलेक्स, ग्रीसहून आणलेला. फिल्म टूथपेस्टच्या ट्यूबमधून क्राकूफच्या भूमिगतांकडे पोचली. सोबतच्या चिठ्ठीत आणखी फिल्म पाठवण्याची विनंती होती.

पहिले दोन फोटो पाच क्रमांकाच्या दाहगृहातून, गॅस चेंबरच्या काळोखात उभं राहून घेतलेले आहेत. दारातून पलीकडचा धूर आणि जमिनीवरची प्रेतं दिसतात, आणि भोवती जाड काळी चौकट. पुढे हे फोटो छापताना अनेकांनी ती चौकट कापून टाकली, आतलं दृश्य मोठं आणि स्पष्ट दिसावं म्हणून. हेतू वाईट नव्हता. पण फोटो घेणारा जिथे जीव मुठीत धरून उभा होता ती जागाच त्या कात्रीनं नाहीशी केली. फ्रेंच विचारवंत जॉर्ज दिदी-ह्युबरमान यांनी हा मुद्दा लावून धरला, आणि मला तो पूर्ण पटतो.

छावण्या मुक्त झाल्यावर आलेल्या कॅमेऱ्यांचं काम पुरावा गोळा करण्याचं होतं. छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट एप्रिल १९४५मध्ये बुखनवाल्डच्या छावणीत पोचल्या. शेजारच्या वायमार शहरातल्या नागरिकांना सक्तीनं तिथे आणलं गेलं, तेव्हा तोंड फिरवणारे ते लोकही त्यांनी टिपले. (पुढच्याच वर्षी पुण्यात चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचा फोटो घेतला तो याच बाईंनी.) बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत छायाचित्रकार जॉर्ज रॉजर यांना मात्र स्वतःचीच भीती वाटली. चौकट नीट साधावी म्हणून आपण प्रेतांची मांडणी पाहतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं. यापुढे युद्धाचे फोटो काढायचे नाहीत, असं त्यांनी ठरवून टाकलं.

कॅमेरा प्रेतांवरून हटून रिकाम्या जमिनीकडे वळायला आणखी दहा वर्षं गेली. आलँ रेने यांनी १९५५मध्ये केलेल्या ‘नाइट अँड फॉग’ या माहितीपटात जुनी दृश्यं कृष्णधवल आहेत आणि ओसाड छावण्या रंगीत. तिथलं गवत हिरवंगार आहे. निवेदन लिहिणारे जाँ केरोल स्वतः माउटहाउझेन-गुझेनचे कैदी होते.

मग एरिख हार्टमान. जन्म म्युनिकचा, १९२२चा. सोळाव्या वर्षी कुटुंबाबरोबर अमेरिकेला निसटले, अमेरिकन सैन्यातून लढले, पुढे नावाजलेले छायाचित्रकार झाले. सत्तरी पार केल्यावर, १९९३-९४च्या हिवाळ्यात, ते पत्नीसह एकामागून एका छावणीत गेले. काळ्यापांढऱ्या फिल्मवर, असेल त्या उजेडात त्यांनी फोटो घेतले. कुंपणाचे खांब, बराकी, भट्ट्यांची दारं. माणूस जवळपास नाहीच. तो हिवाळा त्यांना जर्मनीतून निसटल्यानंतर पंचावन्न वर्षांनी गाठता आला. जे निसटले नाहीत त्यांच्या जागी आपणही असतो, ही जाणीव मला त्या प्रत्येक फोटोत दिसते.

आज ऑशविट्झला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो. संग्रहालय फोटो काढू देतं, पण बायकांचे कापलेले केस ठेवलेल्या दालनात आणि ११ क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात नाही. हा नियम मला फार योग्य वाटतो. केस ही वस्तू नव्हे. तो त्या बायकांच्या देहाचा उरलेला भाग आहे.

अ‍ॅलेक्सच्या उरलेल्या दोन फोटोंबद्दल सांगायचं राहिलं. ते त्यानं उघड्यावर, चालता चालता, कॅमेऱ्यातून न पाहता घेतले. एकात झाडांखाली कपडे उतरवलेल्या बायका आहेत. दुसरा कलला आहे आणि त्यात एकही माणूस नाही. काही दिसत नाही म्हणून पुष्कळदा तो वगळला गेला. बर्च झाडांवरूनच त्या जागेला बिर्केनाऊ नाव पडलं, आणि त्या फोटोत आहेत त्या झाडांच्याच काळ्या फांद्या आणि त्यांच्यामागे उन्हानं पांढरं पडलेलं आकाश.