एसयूव्हीचे मागचे ब्रेक पॅड घरी बदलायचेत? मग आधी हँडब्रेक समजून घ्या!

सातारा जिल्ह्यातलं औंध. यमाईदेवीच्या दर्शनाला कुटुंबाने भरलेली एसयूव्ही डोंगरावर जाते आणि उतरताना मागच्या चाकातून कर्कश आवाज यायला लागतो. कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं तर साताऱ्याची नाहीतर कराडची फेरी. इकडे यूट्यूबवर पॅड बदलणं अर्ध्या तासाचं काम दिसतं. मग घरच्या अंगणातच का बदलू नयेत?

बदलता येतात. पण पुढच्या चाकांची पद्धत मागे जशीच्या तशी वापरली, तर चांगला कॅलिपर निकामी होऊ शकतो. कारण बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो.

आधी बघा, मागे पॅड आहेत का?

बोलेरो, ब्रेझा यांसारख्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. त्यात पॅड नसतात, लायनर असतात आणि ते बदलायची पद्धत वेगळी असते. एक्सयूव्ही 700, हेक्टर अशा गाड्यांना मागेही डिस्क असते. चाकाच्या फटीतून चकचकीत चकती दिसली, तर तिथे पॅड आहेत असं समजावं.

पॅड कधी बदलायचे?

नव्या पॅडवरचा घासणारा थर साधारण 10 मिलिमीटर जाड असतो. तो 3 मिलिमीटरवर आला की बदलायची वेळ झाली. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी पट्टी असते. थर झिजला की ती डिस्कला घासून किंचाळते. हा इशारा ऐकूनही गाडी तशीच चालवली, तर पुढे लोखंडावर लोखंड घासतं आणि डिस्कही बदलावी लागते.

ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे जातो, त्यामुळे जास्त काम पुढचे ब्रेक करतात. तरीही आजच्या अनेक गाड्या हलक्या ब्रेकिंगला मागचे ब्रेक बऱ्यापैकी वापरतात. त्यात मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत सामान असेल, तर मागचे पॅडही लवकर झिजू शकतात.

हँडब्रेकचे तीन प्रकार

1. केबलचा, कॅलिपरमध्ये बसवलेला: यात पिस्टन आटे असलेल्या रॉडवर असतो. तो नुसता दाबून आत जात नाही, खास टूलने दाबत-दाबत फिरवावा लागतो. बहुतेकदा तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, पण काही गाड्यांत एका बाजूची दिशा उलटी असते.

2. बटणाचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक: कॅलिपरवर छोटी मोटर असते. आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाकून ही मोटर मागे घ्यावी लागते. काही गाड्यांत बटण आणि पेडल ठराविक क्रमाने दाबून हे जमतं, तर काहींना स्कॅनर लागतो. तसं न करता पिस्टन जबरदस्तीने आत ढकलला, तर आतली यंत्रणा तुटू शकते. काम सुरू असताना कुणी हँडब्रेकचं बटण दाबलं, तर मोटर फिरून बोटं चिरडू शकतात.

3. डिस्कच्या आतला छोटा ड्रम: इथे हँडब्रेकचे लायनर वेगळे असतात. त्यामुळे पिस्टन सी-क्लॅम्पने सरळ आत जातो.

आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे मॅन्युअलमधून नक्की कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

काम कसं करायचं?

1. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी. मागचं काम करताना हँडब्रेक सोडलेला असतो, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. मागच्या चाकांवर चालणारी गाडी नुसती गिअरमध्ये टाकून भागत नाही. एक चाक उचललं की ते मोकळं फिरू शकतं आणि गाडी सरकू शकते.
2. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करावेत. मग जॅक लावून गाडी जॅक स्टँडवर टेकवावी. स्टेपनीच्या जॅकवर भरवसा ठेवून काम करू नये.
3. चाक आणि कॅलिपरचे बोल्ट काढावेत. कॅलिपर तारेने वर बांधून ठेवावा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत सोडू नये.
4. धूळ हवेने उडवू नये. ती फुप्फुसांना घातक असते. मास्क लावून ब्रेक क्लीनरने धुवावी.
5. डिस्कला भेगा किंवा खोल चरे नाहीत ना, ते बघावं. तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते.
6. पिस्टन हळूहळू आत घ्यावा. ब्रेक ऑइलची पातळी वर येते, म्हणून टाकीवर लक्ष ठेवावं. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग जातो.
7. स्लाइड पिन साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावावं. ग्रीसचा थेंबही पॅडवर किंवा डिस्कवर जाऊ देऊ नये.
8. नवे पॅड बसवून सगळे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळावेत. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे बदलावेत. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेकला ओढू शकते.

सर्वात धोकादायक क्षण

काम संपतं, गाडी स्टार्ट होते, चालक ब्रेक दाबतो आणि पेडल थेट तळाला जातं! कारण पिस्टन आत ढकलल्यामुळे तो आणि पॅड यांच्यात फट पडलेली असते. उतारावर हाच क्षण जिवावर बेतू शकतो.

म्हणून गाडी जागची हलवण्याआधी इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावं. सर्व्हिस मोड मॅन्युअलमधल्या क्रमाने बंद करावा. मग ब्रेक ऑइलची पातळी आणि हँडब्रेक तपासावा. पहिली चाचणी मोकळ्या, सपाट जागेत आणि अगदी हळू घ्यावी.

नवे पॅड डिस्कवर बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. तोवर जोरात ब्रेक मारणं टाळावं आणि भरलेली गाडी घाटात नेऊ नये. एरवीही घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहिलं, तर ब्रेक कमी तापतात आणि पॅड जास्त टिकतात.

मेकॅनिककडे कधी जायचं?

पिस्टन आत जात नसेल, ऑइल गळत असेल, डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा राहत असेल किंवा बऱ्याच वेळा दाबूनही पेडल मऊच लागत असेल, तर गाडी चालवू नये. अशा वेळी मेकॅनिकला घरी बोलवावं किंवा गाडी उचलून न्यावी. वाचवलेल्या मजुरीपेक्षा गाडीतली माणसं मोलाची!