शाळेच्या दारापासून जेवणाच्या पंगतीपर्यंत

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. माहेर म्हटले की हक्काने दोन घास मिळण्याची जागा डोळ्यांपुढे येते. मग सरळच विचारायला हवे, की या माहेरी कोणाकोणाचे पान मांडले जात होते? शिक्षणाच्या इतिहासात आपण शाळा, परीक्षा आणि पदव्या मोजतो. मुलगा रात्री कुठे निजला आणि काय जेवला, हे मात्र कोणी फारसे लिहून ठेवत नाही. खेड्यातून आलेल्या मुलाचे शिक्षण पुष्कळदा याच एका गोष्टीवर तरते किंवा बुडते.

जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थ्याची सोय नव्हती असे नाही. वार लावून जेवण्याची चाल होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे मिळाली की मुलाचा आठवडा निभावे. काही मुले झोळी घेऊन माधुकरी मागत. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले, तेच पुढे पुणे विद्यार्थी गृह झाले. तेथील मुलेही आरंभी माधुकरीवर शिकली. कित्येक हुशार मुले अशा अन्नावर वाढली आणि नावारूपाला आली. त्या घरांतील माउल्यांचे उपकार कोणी नाकारू नयेत.

पण या सोयीला एक कुंपण होते. वार लावायचा तो घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. तिथे सोवळे-ओवळे आले, जात आली. ब्राह्मणाच्या मुलाला वार मिळे. कुणब्याच्या मुलाला तो मिळणे कठीण, आणि महारा-मांगाच्या मुलाने तर विचारायचीच सोय नव्हती. म्हणजे दया होती, पण ती जातीच्या मापाने मोजून दिली जात होती.

शाळेचे दार याच्या पुष्कळ आधी ठोठावले गेले होते. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. त्यानंतर चारपाच वर्षांतच महार-मांग मुलांसाठीही शाळा निघाल्या. त्यांच्या शाळेतील मांग समाजातील मुक्ता नावाच्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. विद्येचा गुण जातीत नसतो, याला आणखी पुरावा तो कोणता हवा?

जोतीरावांना पाण्याचे आणि अन्नाचे मोल ठाऊक होते. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढे १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून उपाशी मुलांना जेवू घालण्यात आले. शाळा, पाणी आणि भाकरी या तिन्ही गोष्टी एकाच कामाचे भाग आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

पुढचे पाऊल विठ्ठल रामजी शिंदे यांनी टाकले. ते जमखंडीचे. त्यांचे स्वतःचे शिक्षण दुसऱ्यांच्या मदतीवर झालेले. फर्ग्युसन कॉलेजात शिकताना त्यांना गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनचा आधार होता. १९०१ साली ते धर्माच्या अभ्यासासाठी ऑक्सफर्डला गेले. एवढे शिकल्यावर सुखाची नोकरी धरता आली असती. त्यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, आणि १९०८ साली पुण्यातही मिशनचे काम सुरू झाले. शाळेबरोबर वसतिगृह आले. इंदूरच्या होळकर महाराजांच्या देणगीचे स्मरण म्हणून नाना पेठेतील वास्तूला अहिल्याश्रम हे नाव मिळाले.

इथे एक गोष्ट शिक्षकबंधूंनी ध्यानात घ्यावी. अस्पृश्य म्हणून ज्यांना एका बाजूला ढकलले होते, त्यांच्यातही आपसात रोटीव्यवहार नव्हता. महार, मांग, चांभार यांची ताटे वेगळी. म्हणून अशा वसतिगृहाला बाहेरच्या भिंतीशी झगडायचे होते तसेच आतल्या भिंतींशीही. हे काम व्याख्यान देऊन होत नाही. मुले एकत्र निजली, एकत्र जेवली, एकमेकांच्या आजारपणात उठली-बसली, म्हणजेच हळूहळू होते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी निराळी वाट धरली. १९०१ पासून त्यांनी एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करविली. समाजाने आपापला भार उचलावा आणि मुलगा निदान शाळेपर्यंत पोहोचावा, हा त्यामागचा हिशेब. त्या काळी तो व्यवहाराचा होता. याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा एक दांडगा विद्यार्थी होता. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर ‘स्नान करून मग आत ये’ असे त्याला सांगण्यात आले. त्याने साफ नकार दिला, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले.

हा मुलगा ती गोष्ट विसरला नाही. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली साताऱ्यात भाऊरावांनी वसतिगृह उघडले, ते सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी, एकाच छपराखाली आणि एकाच चुलीवर. मुले शेतात राबत, लाकडे फोडत, पाळीपाळीने भाकरी थापत. गावोगाव मूठमूठ धान्य गोळा होई. एकदा कोठीत दाणा उरला नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र दिले. १९२७ साली गांधीजींनी या वसतिगृहाला भेट दिली.

आता पुन्हा पुण्याकडे येऊ. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. डॉ. आंबेडकर आणि सवर्ण हिंदूंचे पुढारी यांच्या सह्या झाल्या. कागदावर ऐक्य झाले, ते रोजच्या जगण्यात कसे उतरावे? भाऊरावांनी त्या कराराची आठवण म्हणून त्याच वर्षी पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस काढले. पुढाऱ्यांच्या सहीला त्यांनी मुलांच्या पंगतीची जोड दिली. मला तर हे त्या कराराचे सगळ्यांत बोलके स्मारक वाटते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न संपला नाही, त्याचे रूप बदलले. कॉलेजे वाढली आणि खेड्यातली मुले पुण्यात येऊ लागली. सवलतीमुळे फी माफ होई, पण खोलीचे भाडे आणि खाणावळीचा खर्च कुठून आणायचा? १९५५ साली अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू झाली ती याच अडचणीतून. खेड्यातील गरजू मुलामुलींनी अल्प खर्चात राहावे, काही काम करून शिकावे आणि जात-पात न पाहता एकत्र नांदावे, ही तिची रीत. भिक्षा नको, अपमान नको, हा वाराच्या जेवणातून घेतलेला धडाच म्हणायचा.

एक अनुभव सांगतो. माझ्या वर्गात दुष्काळी तालुक्यातला एक मुलगा होता. दिवाळीनंतर तो आलाच नाही. अभ्यास जड गेला असावा, असे मी धरून चाललो. पुढे त्याच्या गाववाल्याकडून कळले, की त्याची फी माफ झाली होती, पण राहण्याची सोय लागली नव्हती. तो तीन महिने निरनिराळ्या मित्रांच्या खोल्यांवर निजत होता आणि एक वेळ जेवत होता. मी त्याला हजेरीच्या वेळी रोज पाहत होतो, पण कुठे राहतोस, असे एकदाही विचारले नाही. ही चूक माझी आहे.

म्हणून खेड्यातल्या गुरुजींना माझी विनंती आहे. दहावी-बारावीचा निकाल लागला की हुशार पोराच्या पाठीवर थाप मारून थांबू नका. वसतिगृहाचे अर्ज कधी निघतात, कोणते दाखले लागतात, हे त्याच्या वडिलांना आणि आईलाही समजावून सांगा. मुलीच्या बाबतीत तर आधी सांगा, कारण राहण्याची खात्रीची जागा नाही या एकाच कारणावरून तिचे शिक्षण घरीच अडते. आणि मुलगा निघताना त्याला एवढे सांगा, की शेजारच्या ताटावर कोण बसला आहे, त्याचे गाव विचार, अभ्यास विचार, जात विचारू नकोस.

शाळेचे दार उघडायला आपल्या पूर्वजांनी फार सोसले. आत आलेल्या मुलाचे पान मांडलेले आहे की नाही, हे पाहणे आता आपल्याकडे आहे.