मालमोटारींचे भाग्य

कलकत्त्यात हिवाळा आला की जुन्या मोटारींच्या फेरीचे वेध लागतात. 'द स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६० च्या दशकात सुरू केलेली ही परंपरा या शहराच्या अंगवळणी पडली आहे. पितळी दिव्यांच्या, तारांच्या चाकांच्या, आरशासारख्या लखलखणाऱ्या मोटारी मैदानाच्या आसमंतात रांगेने उभ्या राहतात. कोणी जमीनदाराची, कोणी बॅरिस्टराची, कोणी नामांकित डॉक्टराची. बालगोपाळांना घेऊन आपली मराठी कुटुंबेही तेथे हौसेने जातात. या थाटाच्या मेळ्यात एखादी लष्करी जीप डोकावते. परंतु ज्या वाहनाने या शहराचे धान्य, कोळसा, ताग आणि विटा वाहिल्या, ती मालमोटार तेथे विरळाच आढळते. अमेरिकेत मात्र याच जातीच्या गाडीला आज संग्राहकांच्या घरी मानाचे स्थान मिळाले आहे. असे का व्हावे, या प्रश्नाचा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकन लोक ज्या गाडीला 'पिकअप' म्हणतात, तिचे रूप साधे आहे. पुढे चालकाची खोली आणि मागे उघडा हौदा. फोर्ड कंपनीने आपल्या सुप्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीवर कारखान्यातच असा हौदा बसवून १९२५ साली ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. तोपर्यंत शेतकरी मोटार घेऊन तिची मागची बाजू गावच्या सुताराकडून पालटून घेत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये शेव्हरोलेटने आणि लगोलग फोर्डने आपापल्या नव्या घडणीच्या पिकअप गाड्या आणल्या. डॉज कंपनीने तर युद्धातील आपल्या लष्करी गाडीलाच नागरी वेष चढवून 'पॉवर वॅगन' या नावाने बाजारात उभे केले. या गाड्यांनी गवत वाहिले, गुरे वाहिली, विहिरी खणण्याची यंत्रे ओढली. त्यांना कोणी पुशीत नसे, छपराखाली ठेवीत नसे. झिजल्या की त्या शेताच्या बांधावर गंजत पडत.

पुढे या कष्टाळू गाडीच्या अंगात पहिलवानाचे बळ भरण्याची लहर आली. येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर आणि धुराविषयीच्या कडक नियमांमुळे अमेरिकेतील बलदंड इंजिनांच्या प्रवासी मोटारी निस्तेज झाल्या. परंतु ठराविक वजनापलीकडच्या मालवाहू गाड्यांना ते नियम तितके कडकपणे लागू नव्हते. या फटीचा लाभ घेऊन डॉज कंपनीने १९७८ मध्ये 'लिल रेड एक्स्प्रेस' नावाची तांबडी पिकअप काढली. चालकाच्या खोलीमागे दोन बाजूंस उभी, चकचकीत धुरांडी. हौद्याला लाकडी फळ्या. आणि आत सुमारे ५.९ लिटरचे इंजिन. ताशी शंभर मैलांचा वेग गाठण्याच्या एका मोटार-मासिकाच्या चाचणीत तिने नामांकित अमेरिकन मोटारींना मागे टाकले. पहिल्या वर्षी अशा गाड्या जेमतेम २,२०० च्या आसपास निघाल्या. १९९१ च्या 'जीएमसी सायक्लोन' या पिकअपने तर २८० अश्वशक्तीच्या बळावर फेरारीशी शर्यत लावली. मात्र तिच्या हौद्यात सव्वादोनशे किलोंपेक्षा अधिक ओझे घालू नये, असे कंपनीच सांगे. आपल्याकडची बैलगाडीदेखील याहून जास्त माल ओढील! अशा गाड्या मुळातच मोजक्या निघाल्यामुळे संग्राहक त्यांच्यावर तुटून पडतात, हे उघड आहे.

परंतु दुर्मिळता हे एकच कारण नव्हे. बळाचा कसलाही तोरा नसलेल्या, साध्या शेव्हरोलेट किंवा फोर्ड पिकअपलाही तितक्याच प्रेमाने जपणारे पुष्कळ आहेत. एक तर तिची रचना इतकी सरळ की दोन पाने आणि एक जॅक हाताशी असला म्हणजे घरचा माणूसही तिचे इंजिन उघडू शकतो. दुसरे असे की, शहरात नोकरी करणाऱ्या मुलाला त्या हौद्यात आपल्या शेतकरी बापाचे आयुष्य दिसते. राजाची मोटार पाहून माणूस आश्चर्यचकित होतो. बापाची मालमोटार पाहून त्याचा गळा दाटून येतो. आमच्या मते या संग्रहामागचे खरे मर्म हेच होय.

आता या कथेचा आपल्या शहराशी असलेला संबंध पाहू. दुसऱ्या महायुद्धात चीन, ब्रह्मदेश आणि हिंदुस्थान या रणक्षेत्राला रसद पुरविणारे कलकत्ता हे प्रमुख बंदर होते. किंग जॉर्ज डॉकवर, म्हणजे आजच्या नेताजी सुभाष डॉकवर, अमेरिकन सैन्याच्या खास बंदर-पलटणी जहाजे उतरवून घेत. त्यांतून जीएमसीच्या अडीच टनी मालमोटारी, डॉजच्या लष्करी गाड्या आणि जीप गाड्या येथे आल्या. जीएमसीच्या त्या एका नमुन्याच्याच पाच लाखांहून अधिक गाड्या युद्धकाळात तयार झाल्या होत्या. आसामातील लेडोपासून चीनमधील कुनमिंगपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटरांचा डोंगरी रस्ता खुला झाला, तेव्हा १२ जानेवारी १९४५ रोजी लेडोहून निघालेला पहिला तांडा ४ फेब्रुवारीस कुनमिंगला पोहोचला. पावसाने वितळणारे डोंगर, घनदाट जंगल आणि हिवताप यांतून वाट काढणाऱ्या त्या तांड्याचे बळ याच मालमोटारींच्या चाकांत होते.

युद्ध संपले, सैन्य परतले आणि या गाड्यांचा मोठा साठा मागे राहिला. सरकारी विक्रीतून त्या खासगी मालकांच्या हाती गेल्या. सैन्याची हिरवी गाडी रंग बदलून कोळशाची लॉरी झाली, विटांची लॉरी झाली. त्यांचे सुटे भाग पुरविणारे बाजार वाढले. कलकत्त्याचा मल्लिक बाजार त्यांपैकी एक. ज्या सर्क्युलर रोडचा उत्तरेकडील भाग बुजविलेल्या मराठा खंदकावर उभा आहे, त्याच रस्त्याच्या दक्षिण अंगास हा बाजार वसला आहे. बर्गींच्या भयाने १७४२ मध्ये खणलेल्या खंदकाची ही वाट आज आपण मराठी माणसे निर्धास्तपणे तुडवीत असतो, हा काळाचा महिमाच म्हणावयाचा. ग्रँड ट्रंक रोडवरील पानागढ हे दुसरे ठिकाण. युद्धात तेथे अमेरिकनांचा मोठा विमानतळ होता. पुढे लिलावातील लष्करी वाहने सोडविण्याचा, म्हणजे त्यांचे भाग सुटे करून विकण्याचा, धंदा तेथे नावारूपाला आला.

महाराष्ट्राचा वाटाही यात थोडाथोडका नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईस शिवडी येथे गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉजच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो ही नावे आपल्या वडीलधाऱ्या पिढीच्या कानांत बसली ती अशी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती बेडफर्डची. आणि बेडफर्ड हे जनरल मोटर्सच्या विलायतेतील कंपनीचेच अपत्य होते. केवळ जुळणी न करता देशातच उत्पादन करावे, या सरकारी धोरणामुळे १९५४ पर्यंत फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी येथील गाशा गुंडाळला. गाड्या मात्र राहिल्या, आणि मिस्त्रींच्या हातगुणावर पुढे कितीतरी वर्षे धावत राहिल्या.

मग त्या गेल्या कोठे? ज्या बाजारांनी त्यांना जगविले, त्याच बाजारांनी त्या गिळल्या. इंजिन एका गाडीला, आस दुसऱ्या गाडीला आणि उरलेला पत्रा भट्टीला. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशानुसार, १९९३ पूर्वी नोंदलेल्या व्यापारी वाहनांना १ ऑगस्ट २००९ पासून महानगर क्षेत्रात मज्जाव झाला. शहराची हवा पाहता हा आदेश आवश्यक होता, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु त्याबरोबर जुन्या लॉऱ्यांचे उरलेसुरले अवशेषही रस्त्यावरून नाहीसे झाले.

सरकारी सेवेत आयुष्य गेल्यामुळे अधिसूचना बारकाईने वाचण्याची सवय आम्हांस जडली आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस 'व्हीए' या अक्षरांची खास मालिका मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. हे सर्व स्वागतार्हच आहे. परंतु ही सवलत आहे ती खासगी, बिगर-व्यापारी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांना. जिने जन्मभर भाड्याने माल वाहिला, ती लॉरी या व्याख्येत बसत नाही. अमेरिकेत नियमाच्या एका फटीतून बलदंड पिकअप जन्मास आली. आपल्याकडे नियमाच्या एका शब्दामुळे कष्टकरी मालमोटार वारशाच्या दाराबाहेर उभी आहे. व्याख्या करणाऱ्यांचा यात काही दुष्ट हेतू होता असे नव्हे. समाज ज्याला वारसा समजतो, तोच कायद्यात उतरतो.

वाहनाला मोल येते ते त्याच्या पत्र्याने नव्हे, तर कथेने. एल्गिन रोडवरील नेताजी भवनात जपलेली वाँडरर मोटार पाहावी. जानेवारी १९४१ च्या त्या रात्री सुभाषबाबू तीतून निसटले नसते, तर ती एक सामान्य जर्मन गाडी ठरली असती. मालमोटारीची कथा एका रात्रीची नाही, हजारो अनाम चालकांच्या हजारो रात्रींची आहे. हरियाणातील तावडू येथे २०१३ मध्ये उघडलेल्या वाहतूक संग्रहालयासारख्या संस्थांनी राजेरजवाड्यांच्या पलीकडची वाहनेही मांडण्यास आरंभ केला आहे. त्यामुळे आशेला जागा आहे.

मालमोटार विकत घेऊन अंगणात उभी करणे आपल्यापैकी फारच थोड्यांना शक्य आहे. परंतु आपल्या पूर्वजांनी या शहरात रेल्वे, बंदर, शस्त्रास्त्र कारखाने आणि सरकारी कचेऱ्या यांत आयुष्ये वेचली. एखाद्या लॉरीपाशी उभ्या असलेल्या आजोबांचे छायाचित्र, वाहननोंदणीचे जीर्ण पुस्तक, पेट्रोलच्या कूपनांची चळत, चालक-परवाना, असे काही ना काही कोणाच्या तरी ट्रंकेत खचित असेल. रद्दीवाल्यास देण्यापूर्वी ते एकदा मंडळाच्या ग्रंथालयात दाखवावे, छायाचित्रामागे नाव, साल आणि गाव लिहावे, इतकीच सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आमची विनंती आहे. गाड्या भट्टीत गेल्या. कागद अद्याप आपल्या हाती आहेत.