गती कागदावर कशी उतरली

वेग म्हणजे कापलेले अंतर भागिले लागलेला वेळ, हे आज शाळेतले मूलही सांगते. पण अंतर आणि काळ या दोन वेगळ्या जातींच्या राशी आहेत आणि त्यांचा भागाकार करता येतो, ही गोष्ट गणितात रुजायला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली. ग्रीक गणितात गुणोत्तर सजातीय राशींचेच घेतले जाई: लांबीचे लांबीशी, काळाचे काळाशी. ॲरिस्टॉटल अधिक वेगवान वस्तूची खूण अशी देतो, की ती सारख्या वेळात जास्त अंतर कापते किंवा सारखे अंतर कमी वेळात कापते. यात तुलना आहे, आकडा नाही.

आकाशाकडे पाहणाऱ्यांनी मात्र ही अडचण मानली नाही. ग्रह एका दिवसात किती सरकतो हे अंश-कलांमध्ये सांगण्याची रीत टॉलेमीकडे आहे आणि भारतीय सिद्धांतग्रंथांतही आहे. कारण उघड आहे. दिवस हे एकक सर्वांना सारखेच मिळालेले होते आणि वर्तुळाचे ३६० अंशही सर्वांचे एकच होते. जमिनीवर तशी सोय नव्हती. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या आरंभीच लांबीचे कोष्टक दिले आहे: आठ यवांचे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक कोस, चार कोसांचे एक योजन. कोष्टक नेटके आहे, पण हात कोणाचा हा प्रश्न उरतोच. म्हणून कोसाची लांबी प्रांतागणिक बदलत राहिली. काळाची विभागणी त्या मानाने पक्की होती. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळे, पळाची साठ विपळे. म्हणजे घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि विपळ ०.४ सेकंदाचे.

याच भास्कराचार्यांनी ११५० मधील ‘सिद्धांतशिरोमणी’त एक फार मोलाचा भेद केला. चंद्राची सरासरी गती दिवसाला सुमारे १३ अंश १० कला असते, पण प्रत्यक्षात ती कधी बारा अंशांच्या आत येते, तर कधी पंधरा अंशांपर्यंत जाते. काल आणि आज यांमधील फरकावरून गती काढली, तर ती दोन दिवसांमधली सरासरी असते. तिथी नेमकी केव्हा संपते हे काढायचे असेल तर त्या क्षणाजवळची तात्कालिक गती घ्यावी, असे ते सांगतात, आणि ती काढण्याची रीतही देतात. सरासरी वेग आणि एका क्षणाचा वेग हा भौतिकशास्त्राच्या पहिल्या धड्यातला फरक इथे पंचांगाच्या गरजेतून आलेला आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला. त्याची नोंद करणारा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. मात्र या परंपरेने गती श्लोकांत आणि कोष्टकांत मांडली, चित्रात नाही.

चित्र आले चौदाव्या शतकातल्या युरोपात. ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयातील विल्यम हेट्सबरी याने १३३५ मध्ये एक नियम मांडला: वेग एकसारखा वाढत जाणारी वस्तू ठरावीक वेळात जेवढे अंतर कापते, तेवढेच अंतर मधल्या क्षणाच्या वेगाने सारखी चालणारी वस्तूही त्या वेळात कापते. काही वर्षांनी पॅरिसमध्ये निकोल ओरेम याने या नियमाला आकृती दिली. काळासाठी त्याने आडवी रेषा घेतली आणि तिच्यावर जागोजाग त्या त्या क्षणाच्या वेगाएवढ्या उभ्या रेषा उभारल्या. स्थिर वेगाचा आयत झाला, शून्यापासून समान वाढणाऱ्या वेगाचा काटकोन त्रिकोण झाला. त्रिकोणाचे क्षेत्रफळ निम्म्या उंचीच्या आयताएवढे असते, म्हणून हेट्सबरीचा नियम नजरेनेच पटतो. वेग-काल आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे अंतर, हे आजचे सूत्र या आकृतीत पूर्णपणे आहे. तरीही ओरेमने कोणतीही चालती वस्तू मोजली नाही. त्याच्या अक्षांवर एकके नाहीत, कारण भरायला आकडेच नव्हते. आलेखाची कल्पना मापनाच्या जवळजवळ तीन शतके आधी तयार होऊन बसली होती, ही या इतिहासातली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल.

मापनाचे काम गॅलिलिओने केले. १६३८ मध्ये लायडन येथे छापलेल्या दोन नव्या शास्त्रांवरील संवादात त्याने प्रयोगाचे वर्णन केले आहे. बारा ब्राच्चो (इटलीतले लांबीचे माप) लांबीच्या लाकडी तुळईत सरळ खाच कोरली, ती गुळगुळीत चर्मपत्राने मढवली, तुळईचे एक टोक उचलले आणि खाचेतून काशाची गोळी सोडली. सेकंद अचूक मोजणारे घड्याळ तेव्हा नव्हते. म्हणून पाण्याच्या मोठ्या भांड्याला खाली बारीक नळी बसवून, गोळी सुटल्यापासून थांबेपर्यंत पडलेले पाणी त्याने पेल्यात धरले आणि बारीक तराजूत तोलले. काळ वजनात मोजला गेला. वेळ दुप्पट झाला की अंतर चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट, हे त्यातून निघाले. लागोपाठच्या समान वेळांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात, हा त्याचाच दुसरा चेहरा. सिद्धता देताना गॅलिलिओने ओरेमच्या धर्तीचा त्रिकोण आणि आयत काढला आहे.

या पद्धतीचे बळ आणि मर्यादा एकाच ठिकाणी आहेत. पाण्याचे पाण्याशी आणि लांबीचे लांबीशी गुणोत्तर घेतले तर एकक कोणते याने काही बिघडत नाही. पण दगड एका सेकंदात किती खाली येतो, हे दुसऱ्या गावच्या माणसाला सांगायचे झाले की सगळे अडते. १६३२ च्या ग्रंथात गॅलिलिओने १०० ब्राच्चो पडायला ५ सेकंद असा आकडा दिला होता. फ्लॉरेन्सचा ब्राच्चो सुमारे ५८ सेंटिमीटरांचा धरला तर खरा वेळ साडेतीन सेकंदांच्या आसपास येतो. फ्रान्समध्ये मारँ मर्सेन याने स्वतः मोजून या आकड्यावर शंका घेतली. त्यातच ब्राच्चो शहरागणिक वेगळा. नियम बरोबर आणि आकडा चूक, अशी ही स्थिती होती. ती दुरुस्त व्हायला सर्वांचे एक घड्याळ आणि सर्वांची एक पट्टी लागणार होती.

घड्याळ आधी आले. ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ केले आणि दिवसाला पाव तासाच्या घरात असलेली चूक काही सेकंदांवर आली. शतक संपता संपता पिएर वारिन्याँ याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे, अंतरातील अत्यल्प बदल भागिले काळातील अत्यल्प बदल, अशी क्षणिक वेगाची व्याख्या कलनाच्या भाषेत मांडली. आलेखाच्या भाषेत हा वक्राचा त्या बिंदूपाशी असलेला चढ. पट्टीला आणखी वेळ लागला. एका सेकंदाचा झोका घेणारा लंबक हीच लांबी मानावी, अशी एक सूचना होती. पण जाँ रिशे याला १६७२ मध्ये विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे पॅरिसचा लंबक आखूड करावा लागला होता. ठिकाण बदलले की लंबक बदलतो. अखेर १७९१ मध्ये उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे मीटर असे ठरले आणि १७९९ मध्ये प्लॅटिनमची पट्टी पॅरिसच्या दप्तरखान्यात ठेवली गेली.

यानंतर वस्तू आपला आलेख स्वतःच काढू लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रेंच सेनाधिकारी आर्थर मोरँ याने एक यंत्र प्रचारात आणले. एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या उभ्या नळकांड्यावर कागद गुंडाळायचा आणि शेजारून पेन्सिल लावलेले वजन सोडायचे. कागद उलगडला की त्यावर अन्वस्त उमटलेला दिसे. गॅलिलिओचा वर्गाचा नियम असा वजनाच्याच हाताने लिहिला जाई.

परंतु अंतर-काल आलेख रोजच्या कामाचा झाला तो रेल्वेमुळे. एतिएन-ज्यूल मारे याने ‘ला मेथोद ग्राफिक’ या ग्रंथात पॅरिस-लियाँ मार्गाचा आलेख दिला आणि त्या पद्धतीचे श्रेय इब्री या अभियंत्याला दिले. उभ्या अक्षावर स्थानके खऱ्या अंतराच्या प्रमाणात, आडव्या अक्षावर चोवीस तास, आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेषा. रेषा जितकी खडी तितकी गाडी वेगवान. आडवी झाली की गाडी थांबली. दोन रेषा जिथे छेदतात तिथे गाड्या समोरासमोर येतात किंवा एक दुसरीला मागे टाकते. एकेरी मार्गावर तो छेद स्थानकाच्या रेषेवरच पडला पाहिजे, नाहीतर अपघात. वेळापत्रकाच्या आकड्यांत हा धोका शोधावा लागतो, आलेखात तो दिसतो.

भारतीय रेल्वेच्या नियंत्रण कक्षात विभाग नियंत्रक अशाच तक्त्यावर पट्टी-पेन्सिलने प्रत्येक गाडीची रेषा ओढत असत. आता ते काम संगणकाच्या पडद्यावर होते. कर्जत ते लोणावळा हा २८ किलोमीटरांचा बोरघाट त्यावर लगेच ओळखू येतो. कर्जतला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात, तिथे रेषा आडवी होते. मग ३७ फुटांमागे एक फूट अशा तीव्र चढावर गाडीला साधारण पाऊण तास लागतो, म्हणजे सरासरी वेग ताशी ३७ किलोमीटरांच्या आसपास. म्हणून जमिनीचा चढ तीव्र असताना रेषेचा चढ मंदावतो. आलेख म्हणजे रस्त्याचे चित्र नव्हे, हे विद्यार्थ्यांना सर्वांत उशिरा उमगणारे सत्य या घाटात ठळक दिसते.

असा तक्ता सर्व स्थानकांचे घड्याळ एक असेल तरच उपयोगी. एकोणिसाव्या शतकात भारतीय रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले आणि मुंबई शहराची स्थानिक वेळ तिच्या अर्धा तास मागे असे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकला. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, वजनमापांचा कायदा झाला आणि मैलाच्या जागी किलोमीटर येण्याची वाट खुली झाली.

एककांच्या व्याख्या त्यानंतरही बदलल्या. १९६७ मध्ये सेकंद पृथ्वीच्या गतीपासून सुटला आणि सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांशी बांधला गेला. १९८३ मध्ये मीटरचीही व्याख्या बदलली: निर्वात जागेत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर जातो, तेवढे अंतर म्हणजे एक मीटर. त्यामुळे लांबीचे एकक आज काळाच्या एककावर आणि एका वेगावर उभे आहे, आणि प्रकाशाचा निर्वातातला वेग प्रयोगाने काढण्याची गोष्ट उरलेली नाही. तो व्याख्येनेच ठरलेला आहे.