आवाज फाटतो तेव्हा

जव्हार-मोखाड्यात लग्नाचा भोंगा जास्त ताणला की मांडवातून कोणीतरी ओरडतंच, ‘आवाज फाटतोय, कमी कर!’ हाच फाटका आवाज मिळवायला जगभरचे गिटारवाले पैसे मोजतात, हे सांगितलं तर आपल्या वर्गातले निम्मे हसतील. पण त्यालाही इतिहास आहे, आणि स्मरणिकेत सगळ्यांनी मुकणे संस्थानावरच लिहायचं असं थोडंच आहे?

१९५८ साली लिंक रे या अमेरिकी वादकाने स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. १९६४ साली लंडनच्या ‘द किंक्स’मधल्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. इंजिनियर लोक ज्याला दोष म्हणत, तो त्यांना हवा होता. पुढे स्पीकर फाडायची गरज उरली नाही. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून मोठा सिग्नल दिला की लाटेचा माथा कापला जातो, टेकडीचं पठार होतं. त्या कापण्यातून मूळ सुरावर तिपटीचे, पाचपटीचे सूर उगवतात. खरखर म्हणतो ती हीच.

पंक रॉकने ती खरखर उघड्यावर आणली. न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’चा पहिला अल्बम १९७६चा. जॉनी रामोनकडे मोझराइट गिटार आणि मार्शलचा अॅम्प्लिफायर. हा आवाज मी संगणकावर घडवायला बसले. माथा कापायचं गणित एका ओळीचं आहे. गंमत अशी की गेन वाटतो त्यापेक्षा कमी लागतो. जॉनी बहुतेकदा पूर्ण कॉर्ड वाजवायचा. गेन वाढवला की त्यातल्या सा-ग-पचा गिचका होतो. उरलेलं काम त्याच्या मनगटाचं. प्रत्येक आघात खालच्याच दिशेने, वेग कितीही असो. ते मनगट काही एका ओळीत मावत नाही.

पडद्यावर कंपनांचा आलेख पाहिला आणि आपला तारपा आठवला. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण, ताडाच्या पानांचा कर्णा. आतल्या जिभल्या उघडझाप करतात, हवेची धार तुटत राहते, आणि मूळ सुरावर सुरांची रास चढते. व्हॉल्व्ह नाही, वीज नाही. वर गालात हवा धरून नाकाने श्वास घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. जव्हारजवळच्या वाळवंड्याच्या भिकल्या धिंडांचं वादन ऐकलं असेल त्यांना हे सांगायला नको. मार्शलच्या नकला आज कुठल्याही फोनवर मिळतात. तारप्याचा मात्र प्रत्येक भोपळा वेगळा, म्हणून प्रत्येकाचा आवाज वेगळा. त्याला कर्कश म्हणणाऱ्यांनी बहुधा तो लग्नातल्या भोंग्यातूनच ऐकलेला असतो!

एक विनंती. कोणाच्या घरी तारपानाचाच्या किंवा मोखाड्याच्या बोहाड्याच्या जुन्या कॅसेट असतील, तर मेळाव्याला घेऊन या. आवाज फाटका असला तरी चालेल. घरी साफ करत बसू नका. कॅसेटची खरखर कुठली आणि जिभलीची कुठली, हे मी वेगळं काढून बघणार आहे.