ओट्याखालचे ४२ तास

हा घटनाक्रम माझ्या धाकट्या बहिणीच्या घरातला. घर बंगळुरात, जयनगरला. खाली मूळ मालक राहतात, वरचा मजला बहीण-मेहुण्यांनी विकत घेतलेला. हे सगळं घडलं तेव्हा मी पुण्यात होतो. तरी वेळा बिनचूक सांगू शकतो, कारण बहिणीनं ‘नवं किचन’ नावाचा ग्रुप काढला होता आणि भिंतीत खिळा ठोकला तरी त्यावर फोटो पडायचा. इतका पुरावा पोलिसांनासुद्धा मिळत नाही.

या किचनसाठी डिशवॉशर का घेतला, हे आधी सांगायला हवं. २०२४च्या मार्चमध्ये बंगळुरात पाण्याची अशी टंचाई झाली की पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली किंवा बागेला घातलं तर ५००० रुपये दंड, असा हुकूम जलमंडळाला काढावा लागला. कावेरीचं पाणी या शहरात सुमारे १०० किलोमीटरवरून येतं, तेही जवळपास ५०० मीटर उंच चढवून. नळाखाली भांडी विसळण्यात हे पाणी घालवायचं नाही, असं मेहुण्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. यंत्राला एका फेरीत १० ते १२ लिटर पुरतात. हिशेब बरोबर होता. पुढं जे झालं त्यात या हिशेबाचा काही दोष नाही.

अनर्थाला ४२ तास बाकी. शुक्रवार, सकाळी ११.३०

सिंक बसलं. प्लंबरनं खाली पांढरा प्लास्टिकचा बॉटल ट्रॅप लावला. त्याला बाजूला बोटभर लांबीचं एक तोंड होतं, ते खास डिशवॉशरच्या किंवा वॉशिंग मशीनच्या नळीसाठी असतं. बहिणीनं विचारलं, “मशीनचं पाणी इथूनच जाणार ना?” प्लंबर म्हणाला, “आगत्ते, मॅडम.” म्हणजे होईल.

होणार नव्हतं. असल्या बहुतेक ट्रॅपचं ते बाजूचं तोंड कारखान्यातून बंद येतं. आत प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. तो असावाच लागतो, कारण पुष्कळ घरांत डिशवॉशर नसतो आणि तोंड उघडं राहिलं तर सिंकचं पाणी तिथूनच ओट्याखाली सांडेल. नळी जोडायच्या आधी तो पडदा कापायचा असतो. दोन मिनिटांचं काम. पण मशीन अजून आलं नव्हतं, मग आजच कापून ठेवायचा कशाला? प्लंबरच्या बाजूनं पाहिलं तर तो चुकला असंही म्हणता येत नाही.

त्याच दिवशी त्यानं वेस्ट पाइपासाठी स्लॅबला नवं भोक पाडलं. पाइप आणि स्लॅब यांच्यामधली फट सिमेंटनं बुजवायची राहिली. “पेंटर आला की भरून घ्या,” असं सांगून तो गेला.

४० तास. दुपारी १.३०

राजस्थानी सुतारानं सिंकखाली कचऱ्याच्या डब्याची ट्रॉली बसवली. ट्रॅप आता तिच्या मागं गेला. खालच्या फळ्या पार्टिकल बोर्डाच्या, वर देखणं लॅमिनेट. ओट्याचे पाय झाकायला स्कर्टिंग लावलं आणि त्याची फट सिलिकॉननं अशी काही बंद केली की मुंगी शिरणार नाही. ग्रुपवर त्या सिलिकॉनच्या रेघेचं फार कौतुक झालं. मीही अंगठा दाखवल्याची नोंद आहे. काम खरंच उत्तम होतं. मुंगी आत जाणार नव्हती, तसंच पाणीही बाहेर येणार नव्हतं.

१९ तास. शनिवार, सकाळी १०.३०

मशीन आलं. आणणाऱ्यांनी खोकं हॉलमध्ये ठेवलं, सही घेतली आणि गेले. बहिणीच्या सासूबाईंनी यंत्राला हळदीकुंकू वाहिलं.

साडेतेरा तास. दुपारी ४.००

कंपनीचा तंत्रज्ञ आला. तरुण, नम्र, आणि त्याला अजून दोन घरं गाठायची होती. पाणी आत येणारी नळी त्यानं नीट आवळली, गळत नाही ना ते हात फिरवून पाहिलं. बोअरचं पाणी जड असतं म्हणून मिठाचा कप्पा भरून दाखवला. मग बाहेर जाणारी नळी कपाटाच्या भोकातून सिंकखाली सोडली आणि ट्रॉलीमागं हात घालून, न दिसताच, ट्रॅपच्या तोंडावर दाबून बसवली. क्लिप? ती खोक्यात नव्हती. “प्लंबरला सांगा, तो लावेल.”

आणखी एक गोष्ट राहिली. ही नळी आधी ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत उंच न्यायची, तिथं बांधायची आणि मग ट्रॅपकडं उतरवायची असते. हा वळसा नसेल तर तुंबलेल्या सिंकचं खरकटं पाणी उलटं मशीनमध्ये येऊ शकतं. आणि नळीचं तोंड जमिनीला टेकलेलं असेल तर सायफन लागून मशीनमधलं पाणी आपसूक वाहू शकतं. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत याचं चित्र असतं. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत होती.

चाचणी म्हणून त्यानं मशीन सुरू केलं. पाणी आत आलं, आत फवारा फिरायला लागल्याचा आवाज आला. सगळे खूश. पाणी बाहेर टाकायची वेळ अजून आली नव्हती. त्याआधीच त्यानं मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. बहिणीनं सांगितला. कंपनीच्या दफ्तरी काम पूर्ण झालं.

नऊ तास. रात्री ८.३०

संध्याकाळी पुन्हा लावलेलं मशीन शिट्ट्या मारत थांबलं. पडद्यावर चूक क्रमांक, दार उघडलं तर तळाशी पाणी साचलेलं. पंप बिचारा बंद तोंडावर जोर लावत होता. ग्रुपवर निदानांचा पाऊस पडला. नागपूरचे काका म्हणाले, मीठ जास्त झालं. ठाण्याची आत्येबहीण म्हणाली, जाळी साफ करा. जाळी अर्थातच कोरी करकरीत होती.

मेहुणे आडवे झाले. टॉर्च दातात धरून त्यांनी ट्रॉलीमागं हात घातला. नळी कुठंतरी मुडपली असणार, हा त्यांचा अंदाज. अशा वेळी कुणीही हाच करील. त्यांनी नळी खेचून सरळ केली, आणि क्लिप नसलेली नळी ट्रॅपवरून निसटली. ते त्यांना दिसलं नाही. ट्रॉलीमागं काहीच दिसत नव्हतं. बटण दाबलं, पंप घुरघुरला, तळाचं पाणी झरझर उतरलं. चूक क्रमांक गेला!

ग्रुपवर टाळ्या, फुलं, एक नाचणारा गणपती. मेहुण्यांना ‘इंजिनिअर’ पदवी बहाल झाली. पाणी गेलं म्हणजे कुठं गेलं, हे एवढ्या गोतावळ्यात कुणी विचारलं नाही. मशीनच्या बाजूनंही तक्रार उरली नव्हती. त्याच्या पोटाखाली एक तरंगता खटका असतो, गळती झाली की तो मशीन बंद पाडतो. पण त्याला फक्त स्वतःच्या पोटाखालचं कळतं, शेजारच्या कपाटातलं नाही.

माझ्या मते घात इथं झाला. चूक क्रमांक दिसत होता तोवर घर सुरक्षित होतं.

साडेसहा तास. रात्री ११.००

दुपारच्या पाहुण्यांची भांडी, कढया, तेलकट कुकर, सगळं आत लागलं. ७० अंशांचा सर्वांत कडक प्रोग्रॅम निवडला. सगळे झोपले.

पुढचे अडीच तास फोटो नाहीत, पण काय झालं ते ओळखायला फोटोची गरज नाही. यंत्र सगळं पाणी एकदम टाकत नाही. आधी खंगाळणं, मग साबणाचं धुणं, मग विसळणं, शेवटी गरम विसळणं, आणि दर वेळी तीनेक लिटर बाहेर. थंड पाणी पार्टिकल बोर्ड थोडा वेळ सहन करतो. गरम, साबणाचं, खारट पाणी लॅमिनेटच्या कडेतून शिरलं की भुसा फुगतो आणि तो पुन्हा कधी बसत नाही. उरलेलं पाणी स्कर्टिंगच्या आत साचलं. सिलिकॉननं चोख काम बजावलं, बाहेर थेंब आला नाही. मग पाण्यानं स्लॅबमधली ती फट शोधली.

रात्री दीडला प्रोग्रॅम संपला. भांडी लखलखीत निघाली, हेही नोंदवलं पाहिजे.

शून्य. रविवार, पहाटे ५.३०

दारावरची बेल. खालचे अंकल, पंचा खांद्यावर. “मेले नीरु बिट्टिद्दीरा?” वर पाणी सोडलंय का? त्यांच्या देवघराच्या छतातून थेंब थेंब पडत होतं, आणि त्याला लिंबाच्या साबणाचा वास होता.

त्यानंतर

सिंकखालची फळी आणि शेजारच्या दोन कपाटांचे तळ बदलावे लागले. खालच्या छताचं प्लास्टर आणि रंग मेहुण्यांनी करून दिला. अंकल सज्जन, त्यांनी पहाटेच कॉफी पाजली. कंपनीचं म्हणणं, सांडपाण्याची जोडणी ग्राहकाच्या बाजूची. प्लंबर म्हणाला, मी गेलो तेव्हा मशीन कुठं होतं? सुतार म्हणाला, पाण्याचं नुकसान वॉरंटीत येत नाही. तिघंही खरं बोलत होते. तिघांच्या कामांच्या मधे दीड फूट नळी होती आणि ती कुणाचीच नव्हती. मी तिघांपैकी एकालाच दोष द्यायचा झाला तर तंत्रज्ञाला देईन, कारण शेवटचा हात त्याचा होता आणि ओटीपी त्यानं घेतला.

तेव्हा तुमच्याकडं मशीन येणार असेल तर ट्रॉली आधी बाहेर काढून ठेवा. ट्रॅपच्या बाजूच्या तोंडात पेन्सिल घालून पाहा, अडली तर पडदा कापायचा आहे. क्लिप हार्डवेअरच्या दुकानात काही रुपयांत मिळते, ती आणून ठेवा. नळी ओट्याच्या उंचीला बांधून घ्या. आणि मशीनला एकदा पाणी बाहेर टाकू द्या, टॉर्च लावून ते ट्रॅपमध्ये जाताना स्वतः पाहा. ओटीपी त्यानंतर सांगा.